दशैंच्या दिवसांत काठमांडूला जावे का? आमचा अनुभव आणि काही विचारणा

पाऊलवाट

नमस्कार. नेपाळला कधी जावे असे विचारले की बहुतेक जण ऑक्टोबर सांगतात, कारण तोवर पाऊस ओसरलेला असतो आणि आकाश निवळून हिमशिखरे दिसू लागतात. बहुधा त्याच महिन्यात नेपाळचा सर्वांत मोठा सण, दशैं, येतो, हे मात्र सहल ठरवताना फार थोड्यांच्या लक्षात राहते. आमच्याही राहिले नव्हते. २०२३ साली मी, माझे यजमान आणि ६८ वर्षांच्या सासूबाई असे तिघे फुलपातीच्या दिवशी, म्हणजे सप्तमीला, २१ ऑक्टोबर रोजी, काठमांडूला उतरलो आणि द्वादशीला परत निघालो. तेव्हापासून ओळखीतले अनेक जण विचारतात की सगळे बंदच असेल तर त्या दिवसांत जाण्यात काय अर्थ आहे. प्रत्येकाला वेगळे सांगण्यापेक्षा येथे सविस्तर लिहिते.

दशैं आश्विन शुद्ध प्रतिपदेला घटस्थापनेने सुरू होतो आणि कोजागिरीला संपतो, म्हणजे पूर्ण पंधरा दिवसांचा सण आहे. आपले नवरात्र आणि दसरा तोच, तिथीही त्याच. पण आपल्याकडे दसऱ्याला सोने लुटले की सण उठतो, आणि तिकडे दशमीला खरा सण सुरू होतो. त्या दिवसापासून कोजागिरीपर्यंत माणसे थोरामोठ्यांच्या घरी जाऊन टिका लावून घेतात. हा एक फरक मला आधी कळला असता तर मी आमच्या सहलीचे दिवस निराळे बेतले असते.

काठमांडूत नोकरी-शिक्षणासाठी आलेली असंख्य माणसे फुलपातीच्या आधी आपापल्या गावी निघून जातात. विमानतळावरून ठमेलला, म्हणजे पर्यटकांच्या हॉटेलांच्या वस्तीत, येताना रस्ते इतके मोकळे होते की चालकाने स्वतःहून सांगितले, एरवी याच्या तिप्पट वेळ लागतो. मात्र ठमेलमध्ये निम्म्याहून अधिक फळ्या लागलेल्या होत्या. आम्ही ज्या हॉटेलात खोली घेतली होती तेथे दोन्ही वेळच्या जेवणाचे पैसे आगाऊ घेतले होते, आणि पोहोचल्यावर कळले की आचारी आदल्या दिवशीच घरी गेला आहे. ही गोष्ट त्यांनी फोनवर सांगायला हवी होती, असे मला आजही वाटते. पहिली रात्र केळी, दही आणि चिउरा (आपले जाड पोहे) यांवर काढली. दुसऱ्या दिवशी न्यू रोडच्या बाजूला एक मारवाडी शाकाहारी भोजनालय उघडे सापडले आणि सासूबाईंची सोय झाली.

अष्टमीच्या सकाळी पावणेआठच्या सुमारास खोलीतला पंखा हलू लागला आणि खिडकीच्या काचा वाजल्या. धादिंग जिल्ह्यात भूकंप झाला होता. नेपाळच्या भूकंप केंद्राने त्याची तीव्रता ६.१ नोंदवली. आम्ही जिने उतरून गल्लीत आलो तेव्हा सगळी गल्ली बाहेर उभी होती, आणि बऱ्याच बायकांच्या हातांत पूजेची ताटे तशीच होती. २०१५ चा भूकंप सोसलेली ही माणसे भिंतींपासून दूर, गल्लीच्या मधोमध, काही न बोलता वर बघत उभी राहिली. दहा-पंधरा मिनिटांनी एकेक जण आत जाऊ लागला आणि घंटा पुन्हा ऐकू येऊ लागल्या.

नवमीला हनुमानढोक्याचे, म्हणजे काठमांडूच्या जुन्या राजवाड्यातले, तलेजू भवानीचे मंदिर सर्वसामान्य हिंदू भाविकांना वर्षातून एकदाच उघडते. राजा महेंद्र मल्ल यांनी १५६४ साली ते बांधले. आम्ही पहाटे पाचला गेलो तरी रांग वसंतपूरच्या चौकातून पार मागच्या गल्लीत गेली होती. लाल साड्या नेसलेल्या बायका, हातांत फुलांची आणि दिव्यांची तांब्याची ताटे, आणि चार तासांत कोठे धक्काबुक्की नाही. सासूबाई मंदिराच्या जोत्याच्या पायऱ्या चढून वर आल्या तेव्हा त्यांच्या तोंडून आपोआप "आई राजा उदो उदो" निघाले. पुढच्या बाईंनी मागे वळून पाहिले, हसल्या आणि त्यांचा हात धरून त्यांना पुढे घेतले.

दशमीला हॉटेलच्या मालकांनी आम्हाला घरी बोलावले. आचाऱ्याच्या प्रकाराची त्यांना लाज वाटत होती हे कारण असेल, पण त्यांच्या आईंनी ज्या मायेने सगळे केले त्यात उपचाराचा भाग नव्हता. त्या ऐंशीच्या पुढच्या होत्या. पितळी वाटीत तांदूळ, दही आणि अबीर कालवलेला होता (तिकडे अबीर म्हणजे लाल पूड, आपला काळा बुक्का नव्हे). पाचही बोटांनी तो ओला गोळा उचलून त्या कपाळावर दाबत आणि तोंडाने पुटपुटत. सासूबाईंनी शब्द ओळखले: "जयन्ती मङ्गला काली भद्रकाली कपालिनी." त्यांच्या सप्तशतीच्या पोथीतले, अर्गलास्तोत्रातले. स्त्रियांना हा मंत्र म्हणतात. पुरुषांचा वेगळा, अश्वत्थाम्याचे आयुष्य आणि दशरथाची श्री मागणारा. मग जमरा, म्हणजे घटस्थापनेला पेरून अंधाऱ्या खोलीत वाढवलेले जवाचे पिवळे अंकुर, माझ्या केसांत आणि यजमानांच्या कानामागे खोवला. मी वाकून पाया पडू लागले तर त्यांनी माझे दोन्ही हात वरच्या वर धरले. सूनबाईंनी मागून समजावले की त्यांच्यात लेकीने पाया पडायचे नसते, लेक देवी असते, आणि आज आईंनी तुम्हाला लेकीत धरले आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की दशैंच्या दिवसांत काठमांडू बाजारात नसते, घरांत असते. हे समजून जाणार असाल तर अवश्य जावे. आपल्यापैकी कोणी गेले असेल तर त्यांचेही अनुभव लिहावेत.

गोदाकाठ

पाऊलवाट ताई, फार चांगले लिहिले आहे. आम्ही नाशिकहून याच दिवसांत जायचा विचार करत आहोत. बरोबर माझी आई आणि दहा वर्षांची मुलगी असेल. आई पूर्ण शाकाहारी आहे, आणि मुलगी मनाने हळवी आहे. नवमीला तेथे मोठ्या प्रमाणावर बळी दिले जातात असे ऐकले आहे. ते टाळून सण पाहता येतो का? शिवाय मधले दोन दिवस पोखराला जाऊन यावे असे मनात आहे. एकूण सहा दिवस हाताशी आहेत. ते तिथींप्रमाणे कसे बसवावेत, हे जाणकारांनी सांगावे.

ललितपूरकर

मी मूळचा सोलापूरचा. नोकरीनिमित्त गेली चौदा वर्षे पाटणला, म्हणजे ललितपूरला, राहतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सर्वांत आधी पंचांग पाहावे, आणि तेही नेपाळचे. दिवस बहुतेक वर्षी जुळतात, पण नेहमीच नाही: २०२० मध्ये आपला दसरा २५ ऑक्टोबरला होता आणि येथे टिका २६ ला झाली. टिकेची साइत, म्हणजे शुभ वेळ, नेपाळची पंचांग निर्णायक समिती जाहीर करते, आणि ती तासामिनिटांत असते. आपल्या घड्याळापेक्षा येथील घड्याळ पंधरा मिनिटे पुढे आहे, हे उतरल्या उतरल्या लक्षात ठेवावे.

पोखरा मधल्या दोन दिवसांत बसवू नका. फुलपातीच्या आधीचे तीन-चार दिवस कलंकी आणि गोंगबूच्या बसस्थानकांवर पाय ठेवायला जागा नसते. पृथ्वी राजमार्ग एकच, साधारण २०० किलोमीटरचा, घाटांचा, आणि त्याच वाटेने अर्धी राजधानी पश्चिमेकडे जात असते. पावसाचाही भरवसा धरू नये. २०२४ मध्ये घटस्थापनेला आठवडा उरलेला नसताना काठमांडूच्या खोऱ्यात मोठा पूर आला आणि दरडी कोसळून महामार्ग बंद पडले. पोखरा पाहायचेच असेल तर विमानाची तिकिटे फार आधी काढावीत, अन्यथा ते पुढच्या खेपेला ठेवावे.

बळींबद्दल स्पष्ट लिहितो, कारण आडपडदा ठेवून उपयोग नाही. अष्टमीची रात्र आणि नवमीची सकाळ या वेळी देवीच्या मंदिरांत बोकड, कोंबडे आणि काही ठिकाणी रेडे कापले जातात. हनुमानढोक्याच्या कोत या चौकात ते सरकारी इतमामाने होते. नवमीला यंत्रांची आणि वाहनांची पूजा असते, आपल्या खंडेनवमीसारखीच, पण आपण झेंडूची माळ घालतो तेथे येथे गाडीच्या चाकापाशी रक्त शिंपडतात, आणि तेही गॅरेजच्या दारात, भर रस्त्यावर. त्यामुळे मंदिर टाळले म्हणजे दृश्य टळेल असे नाही. मुलीला घेऊन नवमीला सकाळी बौद्ध (बौद्धनाथ) येथे जावे. तेथील महास्तूपाभोवतीची वस्ती बौद्ध आहे, दुकाने आणि खानावळी बऱ्याच उघड्या असतात, शाकाहारी जेवण मिळते. दुपारी स्वयंभूचा स्तूप पाहावा. तलेजूचे दर्शन हवे असेल तर घरातल्या दोघांनी पहाटे जाऊन यावे, बाकीच्यांनी हॉटेलवर थांबावे.

आता जे पाहावे ते. फुलपातीला गोरखा गावच्या जुन्या राजवाड्यातून निघालेली नवपत्रिकेची (नऊ वनस्पतींच्या पानाफुलांची) डोली धादिंगमार्गे येऊन काठमांडूच्या जमल भागात पोहोचते आणि तेथून वाजतगाजत हनुमानढोक्याला जाते. त्याच दुपारी टुंडिखेलच्या मैदानावर लष्कराची सलामी होते. गोरख्याच्या पृथ्वीनारायण शहांनी १७६८ साली काठमांडू घेतले. राजे गेले, २००८ साली प्रजासत्ताक आले, पण त्यांच्या कुळाची फुलपाती अजून त्याच वाटेने येते. मला दरवर्षी हे पाहताना आपल्या पालख्यांची आठवण होते.

मात्र काठमांडू म्हणजे केवळ दशैं नव्हे. या खोऱ्याचे मूळ रहिवासी नेवार. ते या सणाला मोहनी म्हणतात आणि त्यांची माणसे गावी जात नाहीत, कारण त्यांचे गाव हेच. अष्टमीला कुछी भ्वय् असते: सगळे कुटुंब केळीच्या पानांवर ओळीने, वयाच्या क्रमाने बसते आणि प्रत्येकाच्या पानावर मापून दोन माना (माना हे येथील माप) चिउरा वाढतात. भक्तपूरला जाणे याच दिवसांत सर्वांत चांगले. ते काठमांडूपासून सुमारे १३ किलोमीटर आहे. तेथे नऊही दिवस पहाटे लोक नवदुर्गांच्या एकेका पीठाला जातात. कोणाच्या ओळखीची गरज नाही. पहाटे पाचला दत्तात्रेय चौकाजवळ उभे राहिले की वाद्यांचा आवाज कोठून येतो आहे ते कळते आणि त्यामागे चालू लागावे. १७०२ साली भूपतींद्र मल्लांनी बांधलेले न्यातपोल मंदिर २०१५ च्या भूकंपातही उभे राहिले. त्याच्या पायऱ्यांवर बसून सकाळ घालवावी, एवढे मी आग्रहाने सांगेन.

कवड्यांची_माळ

सासूबाईंच्या तोंडून "उदो उदो" निघाल्याचे वाचले आणि राहवले नाही. मी तुळजापूरची. आमच्याकडे लहानपणापासून ऐकत आलो की आईचे एक ठाणे नेपाळात आहे. नेपाळच्या वंशावळींत सांगतात की तिरहुतचा, म्हणजे मिथिलेचा, राजा हरिसिंहदेव १३२४ च्या सुमारास घियासुद्दीन तुघलकाच्या स्वारीमुळे उत्तरेकडे डोंगरात गेला आणि त्याच्या कुळाची देवता तलेजू अशा रीतीने भक्तपूरला पोहोचली. त्या घराण्याचा मूळ पुरुष नान्यदेव हा कर्नाटवंशी म्हणवत असे, म्हणजे नाते दक्षिणेकडे येते. तलेजू आणि तुळजा ही नावे एकच की नुसती सारखी, यावर अभ्यासकांनी वाद घालावा. पण नवमीला तेथे उभे राहून तुम्हाला परके वाटले नाही, याचे मला नवल वाटत नाही.

गोदाकाठ यांना आणखी एक सांगते. नवमीला आमच्या देवीपुढेही अजाबळीचा विधी असतो, आणि दसऱ्याचे सीमोल्लंघन झाले की देवी कोजागिरीपर्यंत पलंगावर निद्रा घेते. म्हणजे आमच्या गावीही सण दशमीला संपत नाही. आईंना हे आधी सांगून ठेवले तर तिकडचे दृश्य त्यांना कमी परके वाटेल.

पाऊलवाट

फार मोलाची भर घातलीत, ताई. जमऱ्यावरून सासूबाईंनाही गावाकडचे आठवले होते. त्यांच्या माहेरी, फलटणजवळ, घटात उगवलेले धान दसऱ्याला पुरुष टोपीत किंवा फेट्यात खोवत. तिकडे कानामागे, इकडे टोपीत, एवढाच फरक. हॉटेलच्या मालकांच्या आईंना त्यांनी हे मराठी-हिंदी मिसळून सांगितले आणि त्या दोघी त्यानंतर तासभर, एकमेकींचे निम्मे शब्द कळत नसतानाही, घट कसा भरतात यावर बोलत बसल्या होत्या. माती घ्यायची की वाळू, यावर त्यांचे शेवटपर्यंत जमले नाही.

मृद्गंध

मला थोडे वेगळे सांगायचे आहे, आणि ते नव्याने जाणाऱ्यांच्या काळजीपोटी. मी २०१९ मध्ये एकटी गेले होते. अष्टमी ते एकादशी ठमेलमध्ये राहिले. कोणी घरी बोलावले नाही, आणि का बोलवावे? मी त्यांची कोणी नव्हते. दशमीला दुपारी सगळ्या खिडक्यांतून हसण्याचा आणि भांड्यांचा आवाज येत होता, लाल कपाळांची कुटुंबे दुचाक्यांवरून जात होती, आणि मी बंद दुकानांच्या रांगेतून चालत होते. वर्तमानपत्रेही काही दिवस निघत नव्हती. यंत्रातून पैसे निघेनात, बँका बंद. तो एकटेपणा मी विसरलेले नाही. पाऊलवाट यांचा अनुभव हृद्य आहे, पण तो हॉटेलमालकांच्या चांगुलपणामुळे मिळाला. त्यावर भिस्त ठेवून कोणी जाऊ नये. कोजागिरी होऊन गेल्यावर आणि तिहार, म्हणजे त्यांची दिवाळी, लागण्याआधी जे दिवस मिळतात त्यांत शहर पुन्हा भरलेले असते आणि आकाशही तेवढेच स्वच्छ असते.

ललितपूरकर

मृद्गंध यांचे म्हणणे रास्त आहे. एकट्या प्रवाशाने फुलपाती ते द्वादशी ठमेलमध्ये राहू नये, असेच मीही सांगतो. पण त्याला उपाय आहे. पाटण, भक्तपूर, कीर्तिपूर येथे नेवार कुटुंबे आपल्याच घराच्या खोल्या पाहुण्यांना देतात. खोली ठरवतानाच विचारावे की दशमीला तुम्ही घरी असाल का आणि आम्ही टिकेला बसलो तर चालेल का. असे विचारणे येथे आगाऊपणाचे मानत नाहीत. उलट "घरी कोणी नाही, आम्ही मामाघरी जाणार" असे स्पष्ट उत्तर मिळाले तर तेही उपयोगाचेच. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. घरात वर्षभरात कोणी गेले असेल तर ते टिका घेत नाहीत. तेथे शुभेच्छाही देऊ नयेत. आणि सर्वांची टिका लाल नसते. राई, लिंबू, गुरुङ या जमातींत अनेक जण पांढरी लावतात, आणि काही जण हा सण आपला मानत नाहीत. त्यांना "अजून टिका नाही लावली?" असे विचारणे बरे दिसत नाही.

ज्यांना कोणाच्या घरी जायचेच नाही त्यांनी दुपारी गच्चीवर जावे. दशैंत काठमांडूचे आकाश पतंगांनी भरते, आणि काटला की गच्चीगच्चीवरून "चेट!" अशी आरोळी उठते. इंद्राला पाऊस पुरे म्हणून सांगण्यासाठी पतंग उडवतात, अशी येथील समजूत आहे. दहा वर्षांच्या मुलीला यापेक्षा चांगले काय दाखवणार? शहराच्या कडेच्या वस्त्यांत बांबूचे उंच झोपाळे, लिंगे पिंग, बांधतात. मुलीने एकदा तरी बसावे.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आता असे ठरवले आहे: सप्तमीला दुपारपर्यंत पोहोचायचे आणि जमले तर फुलपाती पाहायची, अष्टमीला पाटण, नवमीला बौद्ध आणि स्वयंभू, दशमी-एकादशीला भक्तपूर, द्वादशीला परत. पोखरा रद्द. भक्तपूरला एका कुटुंबाकडे खोली मिळते आहे, आणि आपण सांगितल्याप्रमाणे विचारल्यावर त्यांनी स्वतःहून टिकेला या म्हणून कळवले. दोन प्रश्न उरले. मुलीच्या ओळखपत्राचे काय, आणि टिकेच्या वेळी दक्षिणा आम्ही द्यायची का?

पाऊलवाट

व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना मोठ्यांना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे ओळखपत्र चालते. आधार कार्डावर विसंबू नका, आणि मुलीचा पासपोर्ट काढून ठेवा. पैसे मृद्गंध यांनी म्हटल्याप्रमाणे आधीच जवळ असू द्या. आपल्या १०० रुपयांचे तिकडचे १६० होतात. हा दर १९९३ पासून कायम आहे. शंभराच्या नोटा सगळीकडे घेतात.

दक्षिणा थोर माणूस लहानांना देतो, लहान थोरांना नव्हे. तुम्हाला त्या घरातल्या आजी देतील, ती नाकारू नका. पण आई बरोबर आहेत, तेव्हा तयारीने जा: आमच्याकडे झाले असे की आजींचे लावून झाल्यावर घरातली चार मुले सासूबाईंपुढे ओळीने येऊन बसली, कारण त्याही वयाने मोठ्याच होत्या. सासूबाईंनी टिका लावली, जमरा खोवला, मंत्र येत नव्हता म्हणून "औक्षवंत व्हा" म्हणाल्या, आणि मग पाकिटात बघतात तर सगळ्या मळकट नोटा. तिकडे दशैंसाठी लोक बँकेतून मुद्दाम कोऱ्या नोटा आणून ठेवतात. शेवटी मालकांच्या पत्नीने आतून चार कोऱ्या नोटा आणून हळूच त्यांच्या हातात दिल्या. तुम्ही दहा-वीसच्या कोऱ्या नोटा नाशिकहूनच घेऊन जा, आणि आईंच्या पिशवीत ठेवा, तुमच्या नव्हे.